सैल होणाऱ्या बोल्टाचा इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. माझी शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या दिव्याखाली. तेव्हा राजांच्या इतिहासावर बोलण्याचा अधिकार मी सांगत नाही. परंतु ज्या वस्तू आमच्या हातांखालून गेल्या त्यांनाही इतिहास असतो, आणि तो सांगायला सहसा कोणी उभा राहत नाही. आज अशाच एका वस्तूविषयी बोलावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या इंजिनाला धुराचा नळा जखडून ठेवणारा बोल्ट.

इंजिनाच्या हेडातून जळालेला वायू जेथे बाहेर पडतो तेथे बिडाचा एक अनेक तोंडांचा नळा बसविलेला असतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. बिडाऐवजी पोलादी नळ्या वाकवून आणि जोडून तो केलेला असला तर त्याला हेडर म्हणतात. या नळ्याचे बोल्ट सैल होतात. आज आवळावेत, आणि दोन महिन्यांनी गाडी पुन्हा फटफट आवाज करीत दारात उभी राहावी, हा अनुभव कोणाही मोटार मिस्तरीला नवा नाही. बोल्ट सैल होतात हे सर्वांना ठाऊक आहे. ते का होतात, आणि झाले तर दोष कोणाचा, हा माझा विषय आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. १९९४ साली मी माल वाहतूक करणाऱ्या एका पेढीच्या गॅरेजात हेल्पर होतो. पेढीची एक मोटार घाटात पावसामुळे अडकली. काचा बंद, इंजिन चालू, आणि ड्रायव्हर आत बसलेला. तासाभराने त्याचे डोके भणभणू लागले, उलट्या झाल्या, आणि दार उघडून तो रस्त्यावर पडला. मागून येणाऱ्या लोकांनी त्याला उचलले म्हणून तो वाचला. गाडी ओढून आणली तेव्हा मॅनिफोल्डचे दोन बोल्ट सैल होते आणि एक जागेवर नव्हता. चारच दिवसांपूर्वी ते काम आमच्या एका वयस्क फिटरने केले होते. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणत असू.

धुरातला जो वायू त्या ड्रायव्हरला बाधला त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जे. एस. हॉल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५ साली तो स्वतः हुंगून त्याचा परिणाम लिहून ठेवला, आणि पुढे खाणीतल्या स्फोटांत माणसे आगीपेक्षा याच वायूने अधिक मरतात हे दाखवून दिले. तेव्हा सैल बोल्टाची गोष्ट निव्वळ आवाजाची किंवा पेट्रोलची नाही. ती माणसाच्या श्वासाची आहे, हे पेढीचे म्हणणे खरेच होते.

नानांवर आरोपपत्र आले : बोल्ट आवळले नाहीत, हलगर्जीपणा केला. चौकशीत सहकारी म्हणून मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. नाना एवढेच म्हणाले, "साहेब, मी आवळले होते." चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, "आवळले होते तर सैल कसे झाले?" या प्रश्नाला नानांपाशी उत्तर नव्हते, आणि माझ्यापाशीही नव्हते. त्यांच्या तीन वेतनवाढी रोखल्या गेल्या. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जे वाचले, तोच हा इतिहास.

प्रथम बोल्ट म्हणजे काय ते पाहू. आपण समजतो की बोल्ट ही एक खुंटी आहे. वस्तुतः ती एक स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट रबरासारखा ताणला जातो. तो आखडू पाहतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा ताण फार थोडा असतो. ३० मिलिमीटर लांबीचा पोलादी बोल्ट नीट आवळला तर तो जेमतेम ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर लांबतो. माणसाच्या केसाची जाडीही साधारणतः याहून जास्त भरते. सारी पकड एवढ्याशा लांबण्यावर उभी असते. आणि बोल्टाचे आटे म्हणजे तरी काय, तर दांडीभोवती गुंडाळलेला एक उतार. नट त्या उतारावर बसलेला असतो आणि खाली घसरू पाहत असतो. त्याला धरून ठेवते ते केवळ घर्षण.

आता हे आटे कोणी घडविले ते पाहू. सव्वादोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक नट आपल्याच बोल्टाला बसे. यंत्र उघडताना कारागीर प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवी. जोड्या मिसळल्या तर दिवस वाया गेला. ही अडचण दूर करण्याचा पाया लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने घातला. हा गृहस्थ बाराव्या वर्षी वुलविचच्या तोफखान्यात काडतुसे भरण्याच्या कामाला लागला होता. १८०० च्या सुमारास त्याने असा लेथ सिद्ध केला की ज्यावर एकसारखे आटे पुनःपुन्हा कापता येत. त्याच्याच कारखान्यात १८२५ नंतर काम शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ पुढे मँचेस्टरला गेला. त्याने इंग्लंडातल्या अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली, आणि १८४१ साली सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे आपली पद्धती मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश; प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे, ते ठरलेले. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली आणि देशभर पसरवली.

अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे दुसरी पद्धती ठेवली. त्याचा कोन ६० अंशांचा. त्याचा युक्तिवाद मला फार आवडला. व्हिटवर्थच्या आट्यांची माथी गोल, ती कापायला आणि तपासायला अवघड. माझे आटे साधा कारागीर साध्या हत्याराने कापू शकेल आणि तपासू शकेल, असे त्याचे म्हणणे. एका देशाचे मानक ठरविताना कारागिराच्या सोयीचा विचार पुढे आला, ही गोष्ट आम्हा कामगारांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी आणि अमेरिकन नट एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांवर एकमत केले. आपल्या गॅरेजांत या इतिहासाची खूण अगदी अलीकडेपर्यंत दिसे. अँबॅसडरला इंचांचे पाने लागत, फियाटला मिलिमीटरचे. आणि नवा पोऱ्या पहिले सहा महिने चुकीचा पाना उचलून बोलणी खाई.

अशा रीतीने कोणताही नट कोणत्याही बोल्टाला बसू लागला. परंतु बसणे निराळे आणि बसून राहणे निराळे. रेल्वे आली आणि धक्के खाऊन नट फिरू लागले. मग माणसाने कुलपे शोधली. एकावर एक दोन नट चढविले. नटाला खाचा पाडून आडवी स्प्लिट पिन घातली. कापलेल्या कड्याचा स्प्रिंग वॉशर, ज्याला आम्ही वायसर म्हणतो, तो घातला. कान असलेली पत्र्याची चकती बसवून तिचा कान नटावर ठोकून वाकविला. १९३० नंतर अमेरिकेत नटाच्या आत फायबरचे कडे घालण्याची युक्ती पसरली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत असे नट अमाप वापरले गेले. फायबरच्या जागी पुढे नायलॉन आले. १९५३ साली हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी एक द्रव तयार केला. तो बाटलीत हवेच्या संगतीत पातळ राहतो, आणि आट्यांत शिरून हवा तुटली की घट्ट होतो. आज लॉकटाइट या नावाने तो प्रत्येक गॅरेजात आहे.

आता ही सारी कुलपे घेऊन आपल्या धुराच्या नळ्यापाशी या. पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू जोरात चालणाऱ्या गाडीत ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असतो. नायलॉनचे कडे १२० अंशांच्या आसपास निकामी होते. नेहमीचा निळा द्रव दीडशे अंशांपुढे मऊ पडतो. साध्या स्प्रिंग वॉशरचे पाणी उष्णतेने उतरते. स्प्लिट पिन आणि वाकविलेला कान तेवढे टिकतात. पण ते नटाला पडू देत नाहीत, इतकेच. बोल्टातला ताण गेला तर तो ते परत आणू शकत नाहीत. पडणे वेगळे आणि सैल होणे वेगळे, हा भेद ध्यानात न आल्यामुळे अनेक वर्षे अनेकांनी चुकीचे उपाय केले.

मग ताण जातो कसा? त्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट बोल्ट न फिरताच सैल होण्याची. नळा आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केट असते. उष्णता आणि दाब यांनी ते पहिल्या काही फेऱ्यांत बसते, म्हणजे दबून पातळ होते. त्याबरोबर गंजाचा पापुद्रा, राहिलेली काजळी, पत्र्याचे उंचवटे हेही दबतात. सगळे मिळून ०.०२ मिलिमीटर दबले असे धरा. आता मघाचा आकडा आठवा : बोल्ट मुळात लांबला होता ०.०४ ते ०.०५. म्हणजे निम्म्याच्या आसपास ताण गेला, आणि नट तर एक केसभरही फिरलेला नाही! त्यावर खुणेचा रंग लावला असता तरी ती रेघ सरळच दिसली असती.

दुसरी वाट फिरून सैल होण्याची. ती समजायला विसाव्या शतकाचा बराच काळ जावा लागला. पूर्वी समजूत अशी की बोल्ट उभ्या हिसक्यांनी, म्हणजे त्याच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांनी सुटतो. १९४५ साली अमेरिकेत गुडियर आणि स्वीनी यांनी तसे प्रयोग करून पाहिले. नट थोडासा फिरे, पण पुरता सुटत नसे. १९६९ साली गेर्हार्ड युंकर या जर्मन इंजिनियराने आपला निबंध प्रसिद्ध केला आणि पडदा बाजूला झाला. त्याने असे यंत्र केले की जे जखडलेले दोन भाग बोल्टाला आडवे, पुढे-मागे सरकवी, आणि त्याच वेळी बोल्टातला ताण मोजी. भाग आडवे घसरू लागले की आट्यांतले घर्षण जणू नाहीसे होते, आणि उतारावर बसलेला नट आपल्याच ताणाने मागे फिरू लागतो. जड सामान ओढताना ते आधी डावी-उजवीकडे हलवावे, मग ते सहज पुढे सरकते, हे हमालाला ठाऊक असते. तोच हा न्याय. काही शे हेलपाट्यांत चांगला आवळलेला बोल्ट रिकामा होतो. आणि स्प्रिंग वॉशर? तो पुरता दाबला गेला की साध्या चकतीसारखाच वागतो. त्याने काही अडत नाही. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने १९९० साली काढलेल्या बोल्टांच्या मार्गदर्शिकेतही हेच सांगितले आहे. आमच्या गॅरेजात मात्र "वायसर घातला का?" हाच पहिला आणि शेवटचा प्रश्न असे.

आता युंकरच्या यंत्राची आणि धुराच्या नळ्याची तुलना करून पाहा. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला तर तो सुमारे २.२ मिलिमीटर लांबतो. ज्या अॅल्युमिनियमच्या हेडावर तो बसला आहे त्याला पाणी थंड ठेवते. ते ८० अंशांनी तापले तर तेवढ्याच लांबीत ०.९ मिलिमीटर वाढते. म्हणजे एक वस्तू दुसरीवरून मिलिमीटरहून जास्त घसरू पाहते, आणि ती ओढ सर्वांत जास्त कडेच्या बोल्टांवर पडते. गाडी थांबली की सारे परत आखडते. सकाळी तापणे, दुपारी निवणे, पुन्हा तापणे. हेडर गंज न धरणाऱ्या पोलादाचे असेल तर प्रसरण बिडाच्या दीडपट. मोटार चालविणारा प्रत्येक माणूस नकळत रोज युंकरचा प्रयोग करीत असतो. कडेचेच बोल्ट आधी का सुटतात, हे मला इतक्या वर्षांनी येथे कळले.

एक दुवा राहिला, तो आवळण्याचा. १९१८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात कॉनरॅड बार नावाचा कर्मचारी होता. नळांच्या जोडांवरचे बोल्ट कोणी कमी आवळी, कोणी तोडून टाकी. किती जोर लागला हे दाखविणारा पाना त्याने बनविला. पेटंट पुढे १९३७ साली मिळाले. हाच टॉर्क पाना. तो मोठा आधार आहे, तथापि त्यालाही मर्यादा आहे. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण नऊ-दशांश घर्षणातच खर्ची पडतो. एक-दशांश काय तो बोल्ट ताणायला उरतो. आटे गंजलेले असतील तर काटा तोच दाखवील आणि ताण निम्मा असेल. तेल लावलेले असेल तर काटा तोच दाखवील आणि बोल्ट तुटेल. म्हणून आटे साफ करणे हे आवळण्याइतकेच मोठे काम आहे.

नानांच्या गॅरेजात टॉर्क पाना नव्हता. जुन्या गॅस्केटचा तुकडाही बदलायला मिळेलच असे नव्हते. युंकरचा निबंध त्या वेळी २५ वर्षांचा झाला होता. "आवळले होते तर सैल कसे झाले?" या प्रश्नाचे उत्तर छापून तयार होते, ते चौकशीच्या खोलीपर्यंत पोचले नव्हते, एवढेच. ज्ञान असून ते कामगाराच्या बाजूला नसणे, याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

उपाय काय, असे आपण विचाराल. ते फार महाग नाहीत. दोन्ही तोंडे घासून साफ करावीत, आणि नळ्याचे तोंड वाकले आहे काय ते सरळ पट्टी लावून पाहावे. गॅस्केट नवे घालावे. जुने खरवडताना जपावे; पूर्वीच्या पुष्कळ गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असे, ते ओले करून काढावे, फुंकू नये, कारण ती धूळ वीस-तीस वर्षांनी फुफ्फुसात उगवते. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, मापाने आवळावेत. कडेची भोके मोकळी किंवा लांबट असावीत, म्हणजे नळ्याला सरकायला वाव राहतो. जमत असेल तेथे बोल्ट लांब घेऊन खाली नळीचा तुकडा घालावा. लांब बोल्ट जास्त ताणला जातो, त्यामुळे गॅस्केट तेवढेच दबले तरी त्याचा ताण कमी उतरतो. कुलूप घालायचे तर तोंड किंचित दाबलेला, अख्ख्या धातूचा नट घ्यावा, किंवा १९८० नंतर स्वीडनहून पसरलेल्या पाचरीच्या जोडचकत्या घ्याव्यात, पण त्या उष्णतेला टिकणाऱ्या पोलादाच्या. जास्त जोर हा उपाय नव्हे. अॅल्युमिनियमच्या हेडात स्टड तुटला तर तो काढण्यात दिवस जातो.

आणि शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त, पण सर्वांत जास्त टाळला जाणारा. गाडी चालवून पुरती तापवावी, पुरती थंड होऊ द्यावी, आणि मग पुन्हा पाना लावावा. काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. गॅस्केट बनविणाराच नको म्हणत असेल तर गोष्ट वेगळी; एरवी ही दुसरी आवळणी हाच बोल्टाचा खरा रक्षक. तिला यंत्र लागत नाही. तिला वेळ लागतो, आणि गॅरेजात सर्वांत दुर्मिळ वस्तू तीच असते. गाडी दुरुस्त झाली की त्याच घटकेला दारातून बाहेर गेली पाहिजे, हा हुकूम असतो. बोल्ट सैल करणारी तिसरी वाट म्हणजे हा हुकूम होय. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

युनियनच्या कामात पडल्यावर बऱ्याच वर्षांनी एका गॅरेजातल्या करारात आम्ही एक ओळ घालून घेतली : धुराच्या नळ्याचे काम झाल्यावर गाडी तापवून, थंड करून पुन्हा आवळण्यासाठी वेगळा वेळ कामाच्या पत्रकावर धरला जाईल. वेतनवाढीच्या बातमीपुढे ती ओळ कोणाच्या नजरेस आली नाही. मला मात्र त्या करारातली तीच ओळ पाठ आहे.

तो करार झाल्यावर मी नानांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते, दम्याने थकले होते. मी कागदावर आकृती काढून युंकरचे यंत्र समजावून सांगितले, बिडाचे आणि अॅल्युमिनियमचे आकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "अरे, हे मला ठाऊक होतं. आकडे ठाऊक नव्हते. म्हणून तर मी त्या दिवशी सुपरवायझरला म्हटलं होतं, गाडी एकदा फिरवून आणू द्या, उद्या सकाळी परत पाना लावतो. ते म्हणाले, वेळ नाही."

घरी येऊन मी चौकशीचे जुने कागद काढले. नानांचे ते वाक्य दुसऱ्या पानावर, अधिकाऱ्यांच्याच अक्षरात, जसेच्या तसे लिहिलेले होते. ते कोणी वाचले नव्हते. त्यांच्या शेजारी बसलेल्या मीही वाचले नव्हते.